नव्वद टक्के सवलतीतला नावाडी

एकोडी, ता. साकोली
१२ ऑक्टोबर २०२५

डिंपल बेटा,

मामा तुझ्या पाया पडतो. पुण्याला राहून तू विसरली असशील, पण आपल्याकडे भाची कितीही लहान असली तरी वाकायचं मामानेच असतं. तेव्हा लाजू नको, आशीर्वाद देऊन टाक.

हातात फोन असताना मामाला पत्राची हौस कुठून आली, असं तू म्हणशील. फोनवर तुझ्याशी बोलायला लागलो की तुझी मामी दारात येऊन उभी राहते. मनिषचं नाव निघालं की तिचा पदर डोळ्याला जातो, आणि मग मी उगाच धानाच्या भावाचं बोलत सुटतो. म्हणून साकोलीच्या बाजाराला आलो की वांगी विकून झाल्यावर पोस्टाच्या बाकावर बसून लिहायचं ठरवलं आहे. तूही पत्रच लिही. पोस्टमन डोमा पत्र माझ्याच हातात देईल, त्याला तसं सांगून ठेवलं आहे.

आता मुद्द्याचं. तुझ्या कंपनीच्या गेममध्ये मनिषने नदीवरच्या डोंगेवाल्याचा आवाज दिला, तेव्हा मी हसलो होतो. म्हटलं, पोरगा महिनाभर पुण्याला बहिणीकडे राहायला गेला आणि डोंगा चालवून परत आला. येत्या महिन्यात त्याला जाऊन दोन वर्षं होतील. त्या ट्रकवाल्याने हायवेवर आमचं जे नेलं ते नेलं. घरात मनिषचं बोलणं म्हणून आता तेवढाच डोंगा उरला आहे.

मामी कशी खेळते ते तुला ठाऊक नसेल. सांजेचा दिवा लावला की ती त्याचा लॅपटॉप उघडते. डोंगेवाला विचारतो, 'तुमाले का म्हणू?' खाली काकाजी, मामाजी, भाऊ, बाई, आजी, माय असं सगळं येतं. ती 'माय' दाबते. मग तो म्हणतो, 'बस माय, पाय सांभाळ.' पुढे नदीवर तो बोलत राहतो. थंडी असली तर थंडीचं, सांज झाली तर 'जेवलीस का माय?' 'काठाला लाव' असं दाबलं की तो काठाला लावतो, आपण उतरतो, आणि पुढच्या घाटांवर दुसरी माणसं भेटतात, हे मला मनिषच्या दोस्तांनी सांगितलं. मामी ते कधीच दाबत नाही. तास तासभर नदीतच असते. मी एकदा म्हटलं, 'अवो, पलीकडं का हाये ते तं पाहा.' तर म्हणाली, 'उतरली का तो मांगं राहते.' त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

तर परवा तिने लॅपटॉप उघडला आणि वर लाल पट्टी दिसली, पन्नास टक्के सूट. मला फार बरं वाटलं. मी वांगी विकणारा माणूस. उठत्या बाजारात ढिगाने वांगी दिली की गर्दी होते, टोपलं रिकामं होतं आणि माणूस हात हलवत घरी जातो. आता आपला मनिष ढिगाच्या भावात जातो आहे, म्हणजे घरोघरी जाणार. माझा हिशेब बरोबर आहे ना? खरं खरं कळव. भाचीने मामाशी खोटं बोललं तर मामाने वाकलेलं वाया जातं, असं माझी आई म्हणायची.

तुझा
सेवकराम मामा


पुणे
२४ ऑक्टोबर २०२५

मामा,

आशीर्वाद दिला. इथे माझ्या मैत्रिणींना सांगितलं की माझे मामा माझ्या पाया पडतात, तर त्या माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना वाटलं मी कुठली तरी देवीबिवी आहे.

दिवाळीला येता आलं नाही, रागावू नका. ऑफिसात काम फार आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावरून खाली तळमजल्यावर आलो. जागा लहान आहे पण जिन्याचा त्रास वाचला. चहाचं मशीन काढून टाकलं, ते एक बरंच झालं, त्याचा चहा म्हणजे गरम पाणी होतं. आता सगळे टपरीवर जातो आणि निवांत बोलतो.

सवलतीचं विचारलंत. तुमचा हिशेब बरोबर आहे मामा. सूट लागली की जास्त लोक घेतात. दिवाळीत सगळेच सूट लावतात, कापडवाले लावतात तसे गेमवालेसुद्धा. उलट ही पट्टी अजून वाढेल असं वाटतं. काळजीचं काही नाही.

मामीला सांगा, मनिषने पावसाळ्यातलं जे बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं आहे, ते अजून गेममध्ये घातलेलं नाही. आम्ही उन्हाळ्यानंतर घालणार होतो, जरा लांबलं. पण आहे, जपून ठेवलेलं आहे. त्यामुळे तिने रोज उघडत राहावं, एखाद्या दिवशी तो नवं बोलेल.

तिला रात्री झोप लागते का? जेवते का नीट? तुम्ही पत्रात गेमचं लिहिलंत, तिच्या तब्येतीचं काहीच लिहिलं नाही.

तुमची
डिंपल


एकोडी
८ नोव्हेंबर २०२५

डिंपल बेटा,

मामा पाया पडतो, आणि आज जरा जास्तच वाकून पडतो, कारण तुझं म्हणणं अक्षरशः खरं झालं. दिवाळीत पट्टी पंचाहत्तरवर गेली आणि आता नव्वद टक्के सूट. नव्वद. मी चष्मा पुसून दोनदा पाहिलं.

मग मला काय सुचलं ते ऐक. चार दिवसांमागे आपल्या गावची मंडई होती. दरसालची जत्राच ती, दुकानं लागली होती, पाळणे आले होते, लेकी-जावई आले होते, आणि रात्रीला दंडारीचा खेळ. नाचे तोंडाला रंग लावत होते तेवढ्यात मी माईक हातात घेतला. म्हटलं, 'गावकरी मंडळी, आपल्या मनिषचा डोंगा नव्वद टक्के सुटीत सुटला हाये. चहा-भज्याच्या पैशात मोबाईलवर येते. ज्यानं त्याले पाह्यलं हाये, त्यानं त्याले ऐकावं.' माझा आवाज शेवटी जरा फाटला, पण माईक जुना होता, लोकांना वाटलं माईकच खराब.

पोरांनी तिथेच उभ्या उभ्या घेतला. त्यांचं बघून पोरींनी, मग बायकांनी. शकुनबाईच्या जावयाने घेतला, तो तर साकोलीचा, त्याने मनिषला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. बहिणीच्या नवऱ्याला म्हणतात तसं डोंगेवाला त्याला 'भाटवेजी' म्हणाला नाही म्हणून रुसला. तेवढं एक नातं यादीत घालायला सांग.

दुसऱ्या दिवशी सांज झाली. मामी दिवा लावून लॅपटॉपजवळ बसणार, तर बाजूच्या घरातून मनिषचा आवाज आला. 'बसा काकाजी, पाय सांभाळा.' मग मागच्या गल्लीतून आला, 'बस बाई.' मग पारावरून. ती उठली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही, चप्पल घातली आणि बाहेर पडली. बेटा, मनिष गेल्यापासून ती सांजेला उंबरठ्याबाहेर गेली नव्हती. तू मागे विचारलंस ती जेवते का, मी उत्तर टाळलं. नव्हती जेवत. अर्धी भाकर गायीला घालायची आणि मला सांगायची जेवली. त्या दिवशी ती सगळ्या गावातून फिरली, घरोघरी दारात क्षणभर थांबत. मी मागे मागे, वीस पावलं सोडून. कुणाच्या घरात तो कुणाला मामाजी म्हणत होता, कुणाला आजी. परत आली, हातपाय धुतले आणि म्हणाली, 'सारं गाव त्यानं डोंग्यात बसवलं.' आणि हसली. मग दोन भाकरी खाल्ल्या, मी मोजल्या.

आता एक चोरीचं सांगतो. गावातली पोरं काठाला लावतात, उतरतात. तेव्हा तो निरोपाचं जे बोलतो ते मीही एकाच्या मोबाईलवर ऐकलं. शेताच्या धुऱ्यावर बसून ऐकलं. ते काय आहे हे इथे लिहीत नाही, तुला माहीतच आहे. मामीला ते ऐकायचं नाही. पोरांना तिने ताकीद दिली आहे, 'काठाले लावाचं अशीन तं मी गेल्यावर लावा.' पोरंही ऐकतात. ती गल्लीत दिसली की कोणी उतरत नाही.

तुझ्या कंपनीच्या साहेबांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, एवढी सूट देणारा माणूस मोठ्या काळजाचा.

तुझा
सेवकराम मामा


पुणे
१८ नोव्हेंबर २०२५

मामा,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. तुमचं मंडईचं पत्र मी ऑफिसबाहेरच्या जिन्यात बसून वाचलं आणि मला परत आत जाता येईना.

मी तुम्हाला खोटं लिहिलं होतं. पन्नासची पट्टी लागली त्याच दिवशी मी ओळखलं होतं. इथे सगळ्यांनीच ओळखलं होतं, कुणी कुणाला बोललं नाही, एवढंच.

नीट सांगते. गेम आम्ही बनवतो, पण विकत नाही. विकणारा वेगळा, त्याला प्रकाशक म्हणतात. तो परदेशात बसतो. आम्ही पिकवणारे आणि तो अडत्या, असं समजा. नुसती सूट असणं वाईट नाही. गेम जुना झाला की वीस टक्के, सणावाराला चाळीस, पाच-सात वर्षांनी नव्वदसुद्धा, ही या बाजाराची रीतच आहे. चांगल्या चाललेल्या कंपन्याही तसं करतात. पण एका महिन्यात पन्नास, पंचाहत्तर आणि नव्वद, आणि तेही फक्त आमच्या नाही तर त्या प्रकाशकाच्या सगळ्याच गेमांवर, या उन्हाळ्यात आलेल्या नव्या कोऱ्या गेमवरसुद्धा, असं झालं तर समजायचं की तो आता धंदा करत नाही, हाताला लागेल ती रोकड गोळा करतो आहे. जो माणूस पुढच्या वर्षी पूर्ण किमतीला घेणार होता तो आजच मातीमोल भावात घेऊन जातो. पुढच्या वर्षी घ्यायला कुणी उरत नाही. हे त्या प्रकाशकालाही कळतं. तरी करतो, कारण त्याला पुढचं वर्ष दिसतच नाही.

तुमची वांगी ढिगाने गेली तरी चार दिवसांनी झाडाला पुन्हा लागतात. म्हणून तुम्ही हात हलवत घरी जाता. इथे झाडच उपटून टोपल्यात घातलं आहे, मामा.

आमच्या वाट्याचे पैसे त्याने श्रावणापासून दिलेले नाहीत. तुमच्या गावाने मंडईत जे दिलं त्यातलंही आमच्यापर्यंत काही येणार नाही. आमच्याकडे कुठल्या गावात किती विक्री झाली ते दिसतं. त्या रात्री एकोडीवर ठिपका मोठा मोठा होत गेला. आमच्या साहेबांनी विचारलं, 'हे एकोडी कुठे आहे?' मी म्हटलं, माझ्या मामाचं गाव. त्यांनी तो ठिपका मोठा करून गावाचं नाव पुन्हा वाचलं. मोठ्या काळजाचे ते आहेत मामा, पण सूट त्यांनी दिलेली नव्हती.

गेल्या आठवड्यात त्या प्रकाशकाने दिवाळं जाहीर केलं. डोंगेवाल्याचं बोलणं तुमच्या लॅपटॉपमध्ये नसतं, दर वेळी त्यांच्या मोठ्या कॉम्प्युटरवरून इंटरनेटने येतं. ते कॉम्प्युटर ३१ डिसेंबरला बंद होणार आहेत. मग लॅपटॉप उघडला तरी डोंगा येणार नाही. मामीच्याच नाही, गावातल्या कुणाच्याच घरी येणार नाही.

तिला हे कसं सांगायचं मला कळत नाही. तुमचा आनंद बघून मी तुम्हालाच सांगू शकले नाही. मामा, मला माफ करू नका वाटलं तर, पण पत्र लिहा.

डिंपल


एकोडी
२७ नोव्हेंबर २०२५

डिंपल,

मामा पाया पडतो. राग आला तरी रीत मोडत नाही.

पत्र तीनदा वाचलं. झाड उपटल्याचं लिहिलंस ते समजलं, पण मला दुसरंच आठवलं. आमच्या लहानपणी गावात एक घर होतं. एका वर्षी त्यांच्याकडे पाहुण्यांना पोळ्या, पोरांना नवे कपडे, सगळं झोकात. लोक म्हणाले, यांचं बरं चाललं आहे. माझा बाप म्हणाला, 'बिजाईचा धान इकून खाऊन राहिले.' पुढच्या मृगात त्या घरी पेरायला मूठभर धान नव्हता. मला हे माहीत होतं, बेटा. माहीत असून मी लाल पट्टी पाहून माईक हातात घेतला. पोराचं नाव होतं ना त्यात, डोकं चाललं नाही.

तू आधी सांगितलं असतंस तर काय झालं असतं, याचा विचार करत दोन दिवस धान कापला. मी गावात बोललो नसतो. मामी त्या सांजेला बाहेर पडली नसती. तेव्हा तुझ्यावर रागावू की नको हेसुद्धा मला ठरवता येत नाही.

एक विचारतो. त्या कॉम्प्युटरवाल्यांना सांगून एक डोंगा चालू ठेवता येत नाही का? सारं गाव नको. आमच्या एका घरापुरता. रोज सांजेला तासभर.

मामीला मी सांगणार नाही. ३१ तारखेला म्हणेन की मोबाईलचा टॉवर पडला. गावात तीन-चार दिवस टॉवर नसतो हे तिला माहीत आहे. मग म्हणेन दुरुस्तीला माणूस आला नाही. मग असंच करत करत होळी येईल. तिला आता भूक लागायला लागली आहे, ती मी घालवणार नाही.

सेवकराम


पुणे
१४ डिसेंबर २०२५

मामा,

विचारलं. ज्याला ज्याला विचारता येईल त्याला विचारलं. प्रकाशकाचा कारभार आता कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या हातात आहे. त्याला मी मेल पाठवला, त्यात मामीचं सगळं लिहिलं, इंग्रजीत. लिहिताना कळलं की 'माय' या शब्दाला तिकडे काही नाही. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं, नम्र होतं. एक डोंगा चालू ठेवता येणार नाही.

पण रिकाम्या हाताने लिहीत नाही. मनिषचा आवाज ज्यांनी रेकॉर्ड केला ते वासुदेवराव अजून आमच्याकडे आहेत, माझ्यासारखेच ३१ पर्यंत, मग आमचा स्टुडिओही बंद. मूळ रेकॉर्डिंग आमच्या स्टुडिओचं आहे, प्रकाशकाचं नाही. साहेबांनी कागदावर सही करून दिली आणि वासुदेवरावांनी मनिषचं सगळं बोलणं एका पेनड्राइव्हमध्ये घालून दिलं. पावसाळ्यातलं, जे कधी कुणी ऐकलं नाही, तेही आहे. मधे मधे तो खोकतो, हसतो, पाणी मागतो, तेसुद्धा वासुदेवरावांनी काढलं नाही. रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे.

उतरतानाचं बोलणं वेगळं ठेवलं आहे. फाईलचं नाव 'काठ'. त्याची गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल. कागदावर मी लिहिलं होतं, 'शुभ प्रवास, पथिका.' मनिषने वाचलं आणि माइकसमोर खदाखदा हसला. म्हणाला, 'डिंपलताई, असं कोन बोलते वं? आपल्याकडं मानूस जाऊन राह्यला तं आपन का म्हनतो?' कागद खाली ठेवला आणि जे मनात आलं ते बोलला. एकदाच. वासुदेवरावांनी दुसऱ्यांदा घेतलंच नाही. मी तेव्हा त्याच्यावर चिडले होते, माझं वाक्य खोडलं म्हणून. ते बोलणं इथे लिहीत नाही, न जाणो पत्र मामीच्या हातात पडलं तर.

मामा, टॉवरची गोष्ट सांगू नका. मी एक खोटं बोलून पाहिलं, त्याचं काय झालं ते तुम्ही बघताच आहात. तिला खरं सांगा, आणि बंद व्हायच्या आधी तिला एकदा काठाला लावू द्या. ज्याच्यासोबत ती दोन वर्षं नदीत बसली त्याचं शेवटचं बोलणं तिने ऐकायला हवं. मला तर तसंच वाटतं.

पुढे कुठे नोकरी मिळते ते बघते आहे. माझी काळजी करू नका.

डिंपल


एकोडी
३ जानेवारी २०२६

डिंपल बाई,

मी तुझी मामी धुरपता लिवून राहिली. मी आजवर कोनाले पत्र लिवलं नाही. चवथी शिकली, तेवढ्यावरच लिवते, तं समजून घे. मामा खळ्यावर गेला हाये बैल फिरवून धान चुराले, तवर लिवून होते.

मामानं मले टावर पडनार म्हनून सांगितलं. मले पहिलेच माहीत होतं. नोटीस लॅपटापच्या पाटीवर, डोंग्याच्याच वर आली होती, इंग्रजीत. बाजूच्या टीनानं वाचून देल्ली आन् रडाले लागली, तं मीच तिले पानी देल्लं. पन मामाले सांगितलं नाही. तो रोज टावरच्या गोष्टीत थोडं थोडं भरे. एक दिवस वादळ, एक दिवस तार चोरली. एवढी मेहनत करून राहिला तं म्हटलं करू द्यावं. तुमी दोघं मामा-भाची मले सांभाळाले पत्र लिवून राहिले होते, आन् मी तुमाले सांभाळत होती.

बंद व्हाची वेळ तिकडची होती, आपल्याकडं एक तारखेच्या पहाटे पडे. मी सडा टाकाच्या वक्ती उठतेच. शेकोटी केली आन् लॅपटाप घेऊन आंगनात बसली. धुई लय होती, समोरचं दिसे ना. बसली तं एक एक करून सारे आले. शकुनबाई आली, टीना आली, पोट्टे घोंगडे घेऊन आले. साऱ्याईनं आपापले मोबाईल चालू केले आन् साऱ्याईच्या डोंग्यात तोच. एका आंगनात तो कोनाले काकाजी म्हने, कोनाले बाई, आन् मले माय. मामा गोठ्यात बैलाले चारा टाकतो म्हनून उभा होता. चारा तं रात्रीच टाकला होता.

मंग तो गोठ्यातून आला आन् माझ्यासमोर बसला. म्हने, 'धुरपता, आता तरी काठाले लाव. एकदा ऐक. मी ऐकलं हाये, लय चांगलं बोलते तो. हे राहून गेलं तं जलमभर राहीन.' असा हात जोडून म्हने. लगनाले तीस वर्सं झाली, मी त्याले हात जोडताना पाह्यलं नव्हतं. मी बटनावर बोट नेलं. खरंच नेलं. तो तवा मले सांगून राहिला होता, का थंडी लय हाये माय, डोक्याले बांधून घे. मी बोट मांगं घेतलं आन् डोक्याले बांधून घेतलं. तेवढ्यात पाटी काळी झाली. साऱ्याईचे मोबाईल एकदमच गप झाले. आंगनात एवढी मानसं होती पन असं वाटलं का आज परत घरातून मनिषले उचलून नेलं. मी लय रडली, डिंपल. तेव्हा नव्हती रडली तेवढी रडली. बाया मले धरून बसल्या होत्या.

पोस्टात अडकलेला पेनडराईव्ह काल आला. मामानं लावून देल्ला. पावसाचं बोलनं ऐकलं, त्याचं खोकलनं ऐकलं. पानी मांगते तवा माझा हात लोट्यावर गेला. तू आन् त्या वासुदेवरावानं माझ्यावर लय उपकार केले. सारं ऐकलं. 'काठ' तेवढं ऐकलं नाही. मामा म्हने, आता का भेव हाये, आता तं डोंगाच नाही. मी म्हटलं राहू द्या.

मामानं काल तुझे सारे पत्रं मले दाखवले, त्यात तू लिवलं का मामीनं त्याचं शेवटचं ऐकाले पायजे. तुझं चुकलं नाही, तू लेकरावानी विचार केला. पन मी माय हावो. साऱ्या गावाले माहीत हाये तो उतरताना का म्हनते. पोट्टे मले पाहून गप होतात, मले समजते. कोनालेही विचारलं तं आत्ता सांगतीन. मी विचारत नाही. जवर मी ते ऐकत नाही तवर त्याले मले काही सांगाचं बाकी हाये. ऐकलं का त्याचं सारं बोलून झालं.

म्हनून एक मांगते. तू सुटीत येशीन, आपन बसू, बोलू, आन् एखाद्या दिवशी माझा जीव राहनार नाही आन् मी तुले विचारीन. मी रडून विचारलं तरी मले सांगू नको.

तुझी मामी
धुरपता